घोडीच्या गाडीचे छत आणि एकोणीस चौरस फूट

दिनांक १२ फेब्रुवारी २००५, शनिवार, दुपारी साडेचार. स्थळ कसबा पेठेतले ताडपत्री-तंबूचे एक दुकान. अंदाजित खर्च रुपये दोन हजार चारशे अठरा. उपस्थित तिघे: दुकानदार, मी आणि माझी मुलगी. ज्याच्यामुळे हा खर्च निघाला तो माझा मेहुणा अनुपस्थित होता. तो अमेरिकेत होता आणि तिथून फोनवर सल्ले देत होता. सल्ल्यांचा खर्च अंदाजात धरलेला नाही.

मेहुणा म्हणजे पत्नीचा धाकटा भाऊ. संगणकातला. त्या वर्षांत पुण्यात मुलगा ‘संगणकातला’ आहे एवढे सांगितले की पुढचे काही विचारायची पद्धत नव्हती. पगार किती हे तो स्वतःच सांगायचा आणि काम काय हे त्यालाही सांगता यायचे नाही. कंपनीतले वरचे साहेब रविवारी घोड्यावर बसतात असे कळल्यावर त्याने शर्यतींतून निवृत्त झालेली एक तांबडी घोडी विकत घेतली. घोडी आली म्हणजे ती न्यायला-आणायला गाडी हवी. परदेशी गाडीची किंमत ऐकून त्याने उसाच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या एका कारागिराला गाठले आणि फोटो दाखवून जीपमागे ओढायची दोन चाकी बंद गाडी बनवून घेतली. एकाहत्तर हजार रुपये. कारागिराने फोटोकडे एकदाच पाहिले असावे. गाडी मजबूत झाली, पण मागून पाहणाऱ्याला आत घोडी आहे की गळीत हंगामाचा माल आहे हे सांगता येत नसे.

गाडी तयार झाल्यावर चौथ्या महिन्यात कंपनीने मेहुण्याला वर्षभरासाठी अमेरिकेला पाठवले. लोक परगावी जाताना शेजाऱ्यांना कुंड्यांना पाणी घालायला सांगतात. याने आम्हाला घोडी सांगितली.

घोडी पुण्याजवळच्या मांजरी गावी एका शेतकऱ्याच्या गोठ्यात असे. गोठा म्हणजे गरिबी असे वाचकांनी समजू नये. त्याने चार एकर बिल्डरला विकले होते आणि तो माझ्या मेहुण्याला तीनदा विकत घेऊ शकला असता. उरलेल्या दोन एकरांत ऊस लावायचा आणि जनावरे सांभाळायची ती त्याची हौस. जीपही तोच चालवायचा, कारण मी स्कूटरच्या वर गेलेलो नाही आणि जायचा विचारही नव्हता.

आता मुलगी. वय पंधरा, इयत्ता नववी. मामाच्या घोडीवर ती दोन वर्षे एका निवृत्त लष्करी गृहस्थांकडे शिकत होती आणि त्यांच्या मते चांगली बसत होती. मला घोड्यावर बसणे चांगले की वाईट हे कळत नाही. ती पडत नसे, एवढे मी पाहिले होते. येरवड्याच्या पलीकडच्या मैदानावर ६ मार्चला अडथळ्यांवरून उड्या मारण्याची स्पर्धा होती. पत्नीने त्या स्पर्धेला परवानगी दिली आणि त्याच वाक्यात त्यानंतर घोडी बंद केली. आमच्या घरात दहावी वर्षभर आधी सुरू होते. म्हणजे मुलीच्या वाट्याला स्पर्धा एकच. कॅलेंडरवर सहा तारखेभोवती तिने पेन्सिलीने गोल केला. पेनाने केला असता तर मला एवढे वाटले नसते.

स्पर्धेचे परिपत्रक मी दोनदा वाचले. कलम सातप्रमाणे प्रत्येक घोड्याच्या सावलीची सोय मालकाने स्वतः करायची होती. सकाळी आठला पाहणी, सोय नसल्यास प्रवेश रद्द, शुल्क परत मिळणार नाही. मैदानाच्या कडेला पूर्वी कडुलिंबाची झाडे होती. ती रस्ता रुंद करताना गेली. रस्ता ज्या कंपनीसाठी रुंद झाला तिच्या इमारतीवर हिरवे पान काढलेले आहे. कलम सात आमच्यापुरते तरी योग्य होते, कारण आमच्या घोडीच्या नाकावर पांढरा पट्टा आहे आणि त्याखालची कातडी गुलाबी. डिसेंबरात सरावाला ती दोन तास उन्हात उभी राहिली तर तिथे फोड आले आणि जनावर धापा टाकायला लागले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते की सावली नसेल तर हिला बाहेर नेऊ नका. म्हणजे छत नाही तर घोडी नाही, घोडी नाही तर स्पर्धा नाही आणि पुढे दहावी.

मेहुण्याला फोन केला. त्याने अमेरिकेत अशा गाड्यांना ‘ऑनिंग’ असते हे सांगितले. गाडीच्या टपाच्या कडेला एक नळी, तिच्यात कापड गुंडाळलेले, हँडल फिरवले की बाहेर येते. सहाशे डॉलर. पाठवण्याचा खर्च वेगळा.

“भाऊजी, इट्स अ नो-ब्रेनर,” तो म्हणाला.

मी विचारले, की ती येणार कधी. तो म्हणाला, सहा ते आठ आठवडे. स्पर्धेला चार आठवडे होते. डोके न लावता घ्यायचा निर्णय आहे असे तोच म्हणाला होता, तेव्हा मी वाद घातला नाही.

मी बँकेच्या तपासणी विभागात आहे. दुसऱ्यांनी केलेल्या बेरजा तपासणे हे माझे काम आणि ते मी घरीही करतो अशी तक्रार आहे. मी चार रकान्यांचा तक्ता केला. पहिला रकाना अमेरिकेचा, तो वेळेअभावी बाद. दुसरा निळी प्लास्टिकची ताडपत्री. सर्वांत स्वस्त, पण वाऱ्यावर फडफडते आणि घोडी फडफडीला घाबरते, हे मुलीने सांगितले. तिसरा रकाना थंड पेयाच्या जाहिरातीची मोठी छत्री. ती आमच्या कोपऱ्यावरचा दुकानदार फुकट द्यायला तयार होता आणि माझा कल तिकडे होता. मुलगी म्हणाली, छत्री असेल तर ती घरी थांबेल आणि छत्रीला पाठवावे. राहिला चौथा, जाड सुती कॅनव्हास, मापाने शिवलेला, एक बाजू गाडीला बांधायची आणि दुसरी दोन नळ्यांवर तोलायची.

६ फेब्रुवारीला मांजरीला जाऊन मी गाडी मोजली. पोलादी टेप, वही, पेन्सिल. लांबी दहा फूट. टपाच्या कडेची जमिनीपासून उंची सात फूट सव्वाचार इंच, तीन ठिकाणी घेतली. सरावासाठी मुलीने घोडीला गाडीत चढवून ठेवले होते. शेतकरी बाजूला उभा राहून माझ्याकडे पाहत होता.

“सायेब, घोडी आत हाय. भायेर काढू का?”

मी म्हणालो, “नको. मी गाडी मोजतोय, घोडी नाही.”

हे वाक्य माझेच आहे. ते मी नाकारत नाही.

तर १२ तारखेला मापांचा कागद घेऊन आम्ही कसबा पेठेत गेलो. दुकान जेमतेम आठ फूट रुंद, आत कापडाच्या थप्प्या, मधोमध शिलाईचे जाडजूड यंत्र. दुकानदार साठीच्या पुढचा. त्याच्या वडिलांनी ट्रकच्या ताडपत्र्या शिवल्या, आजोबांनी तंबू. त्याने आमच्याकडे पाहिले नाही, हातातली शिवण संपवली, दोरा तोडला आणि मग चष्मा वर केला. घोडीच्या गाडीला कापडी छत हवे, असे मी सांगितले.

“घोडी लग्नातली?”

“नाही. शर्यतीतली होती. आता निवृत्त आहे.”

“पेन्शन आहे तिला?”

मी नाही म्हणालो. तो म्हणाला की मग आमचे तिचे जमेल. मी कागद पुढे केला. त्याने तो दिव्याखाली धरून बराच वेळ वाचला. सव्वाचार इंचापाशी थांबला.

गाडी बघायला कधी येऊ, असे त्याने विचारले. मी म्हणालो, यायची गरज नाही, मांजरी लांब आहे आणि मापे अचूक आहेत. त्याने मापांबद्दल शंका घेतली नाही. त्याने फक्त कापड अकरा बाय नऊ लिहिले. मी म्हणालो, मला दहा बाय आठ हवे आहे. तो म्हणाला, हो, म्हणून अकरा बाय नऊ. एका अंगाला फूट आणि दुसऱ्या अंगाला फूट ढील ठेवावी लागते.

“ढील कशाला? गाडी उभी असणार आहे.”

“उभं माणूसही हलतं.”

“मग तेवढं कापड लोंबणार.”

“लोंबेल. लोंबलेलं कापड फाटत नाही.”

आता आकडे. नव्व्याण्णव चौरस फूट, दर अठरा रुपये, सतराशे ब्याऐंशी. दोन लोखंडी नळ्या तीनशे वीस. सोळा पितळी रिंगा शहाण्णव. सुती दोरी एकशे वीस. चार खुंट्या शंभर. एकूण दोन हजार चारशे अठरा. नळ्या, रिंगा, दोरी, खुंट्या यांवर माझा आक्षेप नव्हता. पण ऐंशी चौरस फुटांच्या सावलीसाठी नव्व्याण्णव चौरस फुटांचे पैसे, म्हणजे एकोणीस चौरस फूट कापड नुसते लोंबण्यासाठी, हे तेवीस वर्षे तपासणी केलेल्या माणसाला सहन होण्यासारखे नव्हते. बँकेत असे बिल आले असते तर मी शाखाधिकाऱ्याला खुलासा मागितला असता. मी खिशातले लाल पेन काढले, अकरा बाय नऊ खोडले आणि दहा बाय आठ लिहून सही केली.

दुकानदाराने माझी सही वाचली. मग मुलीला विचारले, “बाबा घरीपण लाल पेन वापरतात?”

“निळं फक्त चेकवर,” मुलगी म्हणाली.

त्याने तीनशे बेचाळीस वजा करून दोन हजार शहात्तर लिहिले आणि पाचशे आगाऊ घेतले. निघताना त्याने दोरीचा एक तुकडा घेऊन मला एक गाठ दाखवली. सुरगाठ. एक टोक ओढले की सुटते, दुसरे ओढले की आवळते. छत हिनेच बांधा, निरगाठ मारू नका, असे त्याने दोनदा सांगितले. मी मान हलवली. सुटणारी गाठ बांधण्यासाठी माणूस शिकवणी घेतो यावर माझा विश्वास बसला नव्हता.

२६ तारखेला छत मिळाले. उरलेले पंधराशे शहात्तर दिले, पावती घेतली. शिवण उत्तम होती. घरी आणून मी टेपने मोजले: दहा फूट, आठ फूट, एका रेषेचा फरक नाही. मळू नये म्हणून आठवडाभर ते माळ्यावर ठेवले. लगेच बांधून पाहू, असे मुलगी रोज म्हणत होती. मी म्हणत होतो की स्पर्धेच्या आदल्या दिवशी पाहू, नवे राहील. आम्ही पुण्याचे लोक नव्या वस्तूला वापरापासून जपतो.

५ मार्चला किरकोळ रजा टाकून सकाळी मांजरीला गेलो. घोडी गाडीत चढवली, कारण उद्या मैदानावर ती गाडीतूनच पोहोचणार आणि छत आधी बांधून मगच तिला सावलीत उतरवायचे, असा क्रम मी कागदावर ठरवला होता. एक कड गाडीच्या टपाच्या कडेच्या सळईला दहा ठिकाणी बांधली. दुसरी कड नळ्यांवर घेतली, नळ्यांपासून दोऱ्या खुंट्यांना ताणल्या. सुरगाठ दोनदा करून पाहिली, दोन्ही वेळा ती नीट सुटली, आणि तोच तिचा दोष आहे असे मला वाटले. मी सगळीकडे निरगाठी मारल्या. प्रत्येक ठिकाणी दोन.

छत असे बसले की पाहत राहावे. एक सुरकुती नाही. मी बोटाने टिचकी मारली तर ढोलकीसारखा आवाज आला. मी तो मुलीला दोनदा ऐकवला. शेतकऱ्यालाही ऐकवला. तो म्हणाला, “चांगलं वाजतंय. पण घोडीला इचारा.”

मुलीने मागचे दार खाली पाडले. दार पाडले की त्याचाच उतार होतो. घोडी मागे मागे येत उतारावर आली, तशी गाडीची मागची बाजू खाली दबली. मग तिचे पाय जमिनीला लागले आणि तिचा सगळा भार एकदम निघाला. उसाच्या ट्रॉलीचे स्प्रिंगचे पाटे ते, दहा टन वाहायला जन्माला आलेले. गाडी उसळून वर आली. कापडाला वर जायला जागा नव्हती, कारण ती जागा मी लाल पेनाने खोडली होती. मागच्या कोपऱ्यातली रिंग कापडासकट उपटली, तिच्या शेजारची तिच्यामागे गेली, सुटलेला कोपरा घोडीच्या कानाजवळ फाडकन वाजला आणि घोडी उभी राहिली. म्हणजे मागच्या दोन पायांवर.

लगाम मुलीच्या हातात होता. तिने सोडला नाही. घोडीने तिला वीसेक फूट ओढत नेले आणि उसाच्या कडेला थांबली. मी गाठी सोडायला धावलो. एकही सुटेना. शेवटी शेतकऱ्याने विळ्याने दोऱ्या कापल्या.

मुलीच्या उजव्या तळव्याची कातडी सोलून निघाली होती. शेतकऱ्याच्या घरी हळद लावली, पट्टी बांधली. त्यानंतर आम्ही मोकळ्या नळ्यांवर नुसती चादर टाकून घोडीला त्याखाली आणायचा प्रयत्न केला. ती दहा फुटांवर थांबायची आणि पुढे येत नसे. चार वेळा पाहिले. मग मुलीने तिला गोठ्यात नेऊन बांधले. परत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

“बाबा, तुमचं बरोबर असणं थोडं कमी करता येईल का? उद्यापुरतं.”

ती रडत नव्हती. रडली असती तर मी काहीतरी बोललो असतो.

फाटलेले छत स्कूटरवर घालून मी दुपारी कसबा पेठेत पोहोचलो. एकटाच. दुकानदाराने छत घेतले, उलगडले, फाटलेला कोपरा पाहिला, गाठींचे कापलेले तुकडे पाहिले. खुलासा मागितला नाही. मीच दिला, सविस्तर, मापांसकट. त्याने मध्ये एकदाच विचारले की मोजताना घोडी कुठे होती. मी म्हणालो, आत.

“सगळं मोजलंत. घोडी मोजली नाहीत.”

मग तो वाकला आणि गल्ल्याखालून कापडाची एक गुंडाळी काढली. खाकी, आमच्याच छताचे कापड. एक फूट रुंदीच्या दोन पट्ट्या, एक दहा फूट, एक नऊ फूट. त्याने कापड पहिल्याच दिवशी अकरा बाय नऊ कापले होते आणि माझ्या सहीचा मान राखून दोन पट्ट्या वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. गुंडाळीवर खडूने लिहिले होते: घोडीवाले. येतील.

मी ते वाचले. त्याने ते मला वाचू दिले. उद्या सकाळी सात वाजता मैदानावर छत घेऊन येतो, तुम्ही फक्त घोडी आणा आणि काही बांधू नका, असे तो म्हणाला.

६ मार्च, रविवार. पावणेसातला आम्ही मैदानावर होतो. घोडी गाडीत, शेतकरी जीपपाशी, मुलगी पट्टीच्या हातावर हातमोजा चढवत. आजूबाजूच्या काही गाड्यांना मेहुण्याने फोनवर सांगितलेली ती हँडलची छते होती. एका छताचे हँडल अडकले होते आणि तीन माणसे त्याच्याशी इंग्रजीत बोलत होती. सातला पाच कमी असताना दुकानदार मोपेडवरून आला, मागे छत दोरीने बांधलेले.

त्याने आधी गाडीभोवती एक फेरी मारली. मग शेतकऱ्याला उतारावर उभे केले, खाली उतरवले, पुन्हा उभे केले, आणि दर वेळी गाडी किती हलते ते नुसते डोळ्यांनी पाहिले. टेप त्याच्याकडे नव्हती. मी माझी पुढे केली. ती त्याने खिशातच राहू द्या म्हणून सांगितले. छत बांधायला त्याला बारा मिनिटे लागली. सगळ्या सुरगाठी. बांधून झाल्यावर कापड मधोमध वीतभर खाली आले. कडा लोंबत होत्या. माझ्या कालच्या छतापुढे ते छत म्हणजे वाळत घातलेली सतरंजी. मी टिचकी मारून पाहिली. आवाज आला नाही.

साडेसातला मुलीने दार पाडले. घोडी बाहेर येईना. मान वळवून कापडाकडे पाहिले, कान मागे घेतले आणि आतच पाय रोवले. कालचे तिच्या लक्षात होते. तिच्या पाठीवर हात फिरवत मुलगी काहीबाही बोलत राहिली. पावणेआठ झाले. तीन गाड्या सोडून पाहणीवाले दोघे वह्या घेऊन येताना दिसत होते. मी घड्याळ बघत होतो आणि ते मोठ्याने सांगत होतो, तेव्हा दुकानदार माझ्याजवळ येऊन म्हणाला, “अहो, वेळ तिलाही माहीत आहे. आपण जरा तिकडे चहा घ्या.”

मी चहाला गेलो नाही, पण दहा पावले मागे झालो आणि घड्याळ बाहीत सारले.

मुलगी आतून म्हणाली, “काका, अजून सैल करता येईल?”

त्याने दोन टोके ओढली. गाठी सरकल्या आणि छताची बाहेरची कड आणखी हातभर खाली आली. पाळण्यासारखा बाक झाला. वारा आला तेव्हा कापड फडफडले नाही, फुगले आणि बसले. घोडीने हे पाहिले. मुलीने लगाम धरला होता, पण ओढला नाही, हाताला पीळ न देता सैल सोडला होता. मिनिटभराने घोडी एक पाय मागे आली. मग दुसरा. गाडी दबली. घोडी खाली उतरली, गाडी कालच्याइतकीच उसळली आणि छताच्या बाकातला थोडा बाक कमी झाला. एवढेच झाले. कोणतीही रिंग हलली नाही. घोडी सावलीत आली, लोंबणारी कड हुंगली, तिला शिंक आली, आणि ती उभी राहिली. चार पायांवर.

पाहणीवाल्यांनी आठला तीन मिनिटे असताना आमच्या नावापुढे खूण केली. त्यातला एक म्हणाला की छत जरा ढिले वाटते. मी त्याला ढिलाईचे कारण सांगायला सुरुवात केली होती, पण मुलीने माझ्याकडे पाहिले.

तिचा क्रमांक अकरा वाजता लागला. तोपर्यंत घोडी तीन तासांवर सावलीत होती, नाकावर फोड नाही, धाप नाही. नऊ अडथळे होते. सातव्यावर घोडीचा मागचा पाय लागून दांडी पडली, बाकीचे आठ स्वच्छ गेले. एकोणीस स्पर्धकांत मुलगी सहावी आली. सहाव्याला बक्षीस नव्हते, त्यामुळे त्याचा कागद मिळाला नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. उतरल्यावर ती आधी घोडीला छताखाली घेऊन गेली, पाणी पाजले, मग हातमोजा काढला. पट्टी रक्ताने भिजली होती. तिने मला लगाम धरायला दिला. मी तो कसा धरला हे दुकानदाराने पाहिले आणि त्याने दुरूनच बोटांनी खूण केली, सैल.

संध्याकाळी मेहुण्याचा फोन आला. त्याने ऑनिंगचे काय झाले ते विचारले. मी म्हणालो, बसले. त्याच्यासाठी तेवढे पुरेसे होते.

पत्नीच्या हुकमाप्रमाणे दहावीचे वेळापत्रक मी जानेवारीतच तयार केले होते, पाऊण-पाऊण तासांचे, रविवारसकट. त्या रात्री त्यातले रविवार सकाळचे दोन तास खोडले आणि त्या जागी काही लिहिले नाही. पत्नीने सकाळी ते पाहिले आणि या दोन तासांत काय आहे ते विचारले. मी म्हणालो, काही नाही. तिने ते वेळापत्रक तसेच भिंतीवर लावले.

सोमवारी बँकेतून परस्पर कसबा पेठेत गेलो. दुकानदाराने बिल तयार ठेवले होते. पट्ट्या, एकोणीस चौरस फूट, दर अठरा, रुपये तीनशे बेचाळीस. फाटलेल्या रिंगांची दुरुस्ती लावली नव्हती. रविवारचे येणे-जाणे लावले नव्हते. मी पेट्रोलचे पैसे विचारले. तो म्हणाला, “गाडी बघायला मी फेब्रुवारीतच येणार होतो. तेच येणं ते.”

बिल मी तपासले. बरोबर होते. आधीचे दोन हजार शहात्तर आणि हे तीनशे बेचाळीस मिळून दोन हजार चारशे अठरा रुपये, रोख, कसबा पेठेतल्या ताडपत्रीवाल्याला दिले. पावतीवर सही त्याने निळ्या पेनाने केली.